आत्याची दवा आणि माझा चहा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जालन्याला आमच्या कॉलेजात दोन दिवसांचं शिबिर झालं. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हे एक बाई शिकवत होत्या. उपदेश करायचा नाही, प्रश्न विचारायचे आणि ऐकायचं, एवढं मी वहीत दोनदा लिहून घेतलं. शिबिरातले सगळे दाखले पुरुषांचे होते. शेवटी मी चाचरत विचारलं, "बाई पीत असेल तर?" मागच्या बाकावरची मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न तेच. फक्त तिला लपवावं जास्त लागतं. आणि सकाळपासून पीत असेल तर एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टरकडे न्या."

मी विचारलं होतं ते माझ्या आत्यासाठी. ती सकाळपासून पीत नव्हती. संध्याकाळी दोन फुलपात्री, बस. पहिल्या बाळंतपणात कंबर धरली तेव्हा सासूनंच तिला दारू पाजली होती, म्हणून दारूचं नाव 'दवा'. नवरा गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली, दवाही आली. बाटली कोंबड्यांच्या डालग्यामागे असायची. घरात सगळ्यांना माहीत होतं. आई त्या कोपऱ्यात झाडायला जात नसे, एवढंच.

आमचं गाव तीर्थपुरीच्या बाजूला. तिथे कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असतात. दुपारनंतर बायका उद्या उमलणारी कळी नखानं सोलतात, नराचा भाग काढून टाकतात आणि खूण म्हणून वर लाल कागद लावतात. दुसऱ्या सकाळी कागद काढून आतल्या नाजूक काडीवर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं. काडी मोडली की बोंड गेलं. या कामात आत्याचा हात सगळ्यांत हलका. नव्या पोरींना तिच्याच ओळीत उभं करायचे. पण त्या वर्षी तिचा हात सकाळी थरथरू लागला. शिबिरानंतरच्या शनिवारी मालक तिला म्हणाला, "अक्का, पंधरा दिवस बघतो. न्हाई जमलं तर तुम्ही खुरपायला जा."

"खुरपं कुणीबी धरतंय," त्या संध्याकाळी मी एस.टी.नं घरी आले तेव्हा आत्या मला म्हणाली.

मी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसले आणि वही उघडली.

"दवा घेतल्यावर तुम्हाला काय बरं वाटतं?"

"तुम्ही? मी तुझी आत्याच हाय ना, का तहसीलदार?"

"वहीत तसं आहे."

"मंग वहीला सांग, कंबर गप बसती. डोकंबी."

"आणि वाईट काय वाटतं?"

तिनं उजवा हात पुढे धरला. तेव्हा तिनं थट्टा केली नाही. मग हात पदराखाली घेऊन म्हणाली, "सोडून बघते. पण एकटी न्हाई. तूबी काहीतरी सोड."

"मला कुठलं व्यसन आहे?"

तिनं माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. त्या संध्याकाळचा तो तिसरा होता.

"चहा म्हणजे दारू आहे का, आत्या?"

"न्हाई ना? मंग तुला सोपं जाईल."

प्लॉटवरून आणलेले लाल कागद तिनं निम्मे मला दिले. ज्या दिवशी घेतली नाही त्या दिवशी एक कागद चिकटवायचा, तिनं घरच्या दारामागे, मी होस्टेलच्या भिंतीवर.

पहिले तीन दिवस माझं डोकं असं ठणकलं की पुस्तकातल्या ओळी एकमेकींवर चढायच्या. चौथ्या दिवशी मी कॉलेजसमोरच्या टपरीवर गेले. एकच घेतला. संध्याकाळी कागदही चिकटवला, कारण रिकामी जागा फार वाईट दिसत होती. पुढच्या शनिवारी आत्याचे सात कागद पाहून मी तिचं इतकं कौतुक केलं की आज आठवलं तरी कानशिलं तापतात. तिनं माझे किती ते विचारलं. मी सात सांगितले.

बुधवारी ती अचानक जालन्यात आली. मालकाचा टेम्पो प्लॉटसाठी कागद आणायला निघाला होता, त्यात बसून. माझ्यासाठी भाकरी घेऊन कॉलेजच्या दारात उतरली, तेव्हा समोरच्या टपरीवर बशी माझ्या ओठाला होती.

"गरम हाय का?" मागून आवाज आला.

"आत्या, आज पहिल्यांदाच..."

"ताईचा हा दुसरा," टपरीवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

आत्या बाकड्यावर बसली. स्वतःसाठी एक सांगितला. अर्धा संपवून कप खाली ठेवला.

"किती कागद खोटे?"

"दहातले सहा."

"माझे दोन."

मी बशी खाली ठेवली.

"एवढी शिकलेली पोर आपल्यावर खुश हाय, तिचं मन कसं मोडावं? म्हून चिकटवून टाकले."

मग तिला हसू फुटलं. मला आधी रडू आलं, नंतर हसू. शिबिरातल्या बाईंनी ऐकायला सांगितलं होतं आणि मी नुसती शाबासकी देत सुटले होते. त्या बाकड्यावर मी पहिल्यांदा वहीशिवाय विचारलं, "ते दोन दिवस काय झालं होतं?" कंबर, ती म्हणाली. दोन्ही दिवस ओणवं राहून काम जास्त झालं होतं. मग आम्ही ठरवलं: नेम मोडला त्या दिवशी अर्धा कागद, आणि कंबर धरली की आईकडून तेल चोळून घ्यायचं. घरी आईनं एका शब्दानंही न विचारता तेल गरम केलं.

पंधरावा दिवस रविवारी आला. सकाळी मी प्लॉटवर गेले. मालक आत्याच्या ओळीत येऊन उभा राहिला. तिनं लाल कागद काढला. हात थरथरला. तिनं डाव्या हातानं मनगट धरलं, थांबली, आणि फूल काडीवर फिरवलं. काडी मोडली नाही. दुसऱ्या फुलाला मनगट धरावं लागलं नाही. मालकानं दहा फुलं पाहिली आणि पुढे गेला. चार पावलांवर वळून म्हणाला, "बायांनो, फुलं तेवढीच हायेत, मंग कागद जास्त कसे लागून राह्यले?"

ओळीतल्या तीन बायांनी माना खाली घातल्या. तेव्हा मला कळलं की दारामागे कागद चिकटवणारी आता आत्या एकटीच नव्हती.

आत्यानं मान वर न करता सांगितलं, "मालक, कागदाचं जाऊ द्या. ह्या कॉलेजवाल्या पोरीला चहा पाजा. लई सोसलं तिनं."

तिनं दवा कायमची सोडली असं मी म्हणणार नाही. अर्धे कागद पुढेही लागत राहिले. पण खुरपायला तिला कुणी पाठवलं नाही. त्या सकाळी मी चहा नको म्हणाले, आणि घेतला. संध्याकाळी दारामागे आत्याचा पूर्ण कागद लागला. माझा अर्धा तिनं स्वतः फाडून दिला.