कोरसाची जागा

गुंडू कांबळेनं गायन पार्टी सोडली, त्याची बातमी मुरगूडच्या बाजारात त्यानं स्वतःच फिरून सांगितली. दुसरं कोण सांगणार? मग शाहूपुरीत जाऊन कार्डं छापून आणली, 'लोकशाहीर बुद्धभूषण, सोलो गायक'. घरात त्याला बुद्धभूषण म्हणणारं कुणी नव्हतं. बायको यल्लव्वा त्याला 'आवो' म्हणायची, आणि डोकं फिरलं की 'शाहीर'.

पार्टी सोडायचं कारण काय, तर पार्टीला हवी होती जयंतीची गाणी आणि ह्याला सुचलं होतं संडासावर गाणं. पार्टीतले म्हणाले, "गुंडूदा, चौदा एप्रिलला हे कोण ऐकणार?" हा गडी उठला, पेटी बगलेत मारली आणि घरी आला. तेव्हापासून समाज सुधारायचं सगळं खातं त्यानं एकट्याच्या अंगावर घेतलं. साक्षरता झाली, झाडं लावणं झालं. हुंड्यावरचं गाणं तर तो एका लग्नातच गायला. तिथं त्याला कुणी जेवायला बसा म्हणालं न्हाय.

अडचण वेगळीच होती. वीस वर्षं कोरसाबरोबर गाऊन त्याच्या अंगात एक खोड मुरली होती. ओळ टाकायची, थांबायचं, मागच्यांनी झील ओढायची, तेवढ्यात आपण दम घ्यायचा. आता मागं कुणी नव्हतं, तरी चाली त्याच. ओळ टाकून शाहीर तोंड उघडं ठेवून थांबायचे आणि नुसती पेटी वाजायची. लोकांना वाटायचं, विसरला बहुतेक. यल्लव्वा म्हणाली, "ती जागा काढून टाका की." तर म्हणतो कसा, "तुला त्यातलं काय कळतंय? ती जागा काढली तर गाणं लंगडं हुतंय."

आता खरं सांगायचं तर दम घ्यायला त्याला दुसरंही काहीतरी लागायचं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तो ते घेऊन जायचा. गळा मोकळा होतो म्हणे. आधी कार्यक्रमापुरतं होतं, मग कार्यक्रम नसला तरी गळा मोकळा व्हायला लागला. आणि दारूबंदीवर सगळ्यात झकास गाणं ह्याचंच. यल्लव्वा बोलली, की म्हणायचा, "गाणं वेगळं, गळा वेगळा." ती गडहिंग्लजकडची, तोंडाची फटकळ, पण ह्या वाक्यापुढं तीही थकली होती.

दोन हजार तीन साली गावात आडव्या बाटलीचं मतदान ठरलं. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, की वेशीजवळचं दारूचं दुकान बंद. यल्लव्वाला जन्मात दुसरं काही नको होतं, एवढं दुकान बंद व्हायला हवं होतं. ती रानात भांगलायला गेली तरी तेच बोलायची. आणि प्रचाराला गाणार कोण, तर तिचाच नवरा. हसावं का रडावं, तिला कळेना.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. बायका पुढं, बाप्ये मागं. शाहिरांनी पेटीवर सूर धरला आणि ओळ टाकली, "सांग बाई सांग, बाटलीनं कुणाचं घर उठलं?"

आणि सवयीनं थांबले.

पुढं बसलेल्या बयाबाईला वाटलं, हा आपल्यालाच विचारतोय. ती कावरीबावरी झाली. "मालकांचं नाव कसं घ्यायचं बाई चारचौघांत?" शेजारची धोंडुबाई म्हणाली, "तू नगं घेऊ, मी घेतो. हिच्या सयाजीचं!" बयाबाईनंही उसनं ठेवलं न्हाय. "आणि हिच्या गणपतरावाचं." झालं. बायकांना रस्ता सापडला. शाहिरानं ओळ टाकायची आणि प्रत्येकीनं शेजारणीच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. पटांगण हसून हसून लोटपोट. मागचे बाप्ये एकेक करून लघवीला म्हणून जे उठले, ते परत आलेच न्हाईत. शाहीर एवढे खुशीत, की पेटीचा भाता फुटायची वेळ आली.

ओळ फिरत फिरत यल्लव्वापाशी आली. तिच्या डाव्या अंगाची बाई गप्प, उजव्या अंगाची पदर चावत खाली बघायला लागली. गावासाठी फुकट गाणाऱ्या माणसाचं नाव कोण घेणार? पण ठाऊक सगळ्यांना होतं. यल्लव्वाला ते त्या गप्प बसण्यातूनच कळलं आणि ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. आख्ख्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा टाळाटाळ केली होती.

"गुंडूचं," ती म्हणाली. ओरडली न्हाय, रडली न्हाय. भाव विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं.

पेटी थांबली. गुंडूनं भाता मिटला. यल्लव्वाला वाटलं, आता हा उठून जाणार, गाणं मोडणार आणि मतदानही बोंबलणार. तिला स्वतःच्या जिभेची भीती वाटली. पण त्यानं परत सूर धरला. "सांग बाई सांग, बाटलीनं कुणाचं घर उठलं?" ह्या वेळी तो थांबला न्हाय. कोरसाच्या जागेत त्यानंच झील ओढली, "गुंडूचं गं बाई, गुंडूचं." आवाज फाटला होता, तरी पुरी ओढली.

घरी आल्यावर चार दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होती. मतदानादिवशी यल्लव्वा धुवट लुगडं नेसून निघाली, तेव्हा गुंडू उंबऱ्यात बसला होता. त्यानं वर बघितलं न्हाय.

"आडवीवरच मार शिक्का," तो म्हणाला. "माझ्या एकट्यानं न्हाय सुटत, यल्लव्वा."