एकाच गाडीची दोन जुनी पॅकिंगं

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे इंजिनाला काही दुखलंखुपलं की सगळ्यात आधी कळतं ते तिथे बसणाऱ्या माझ्या बायकोला. यंदा आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर ती नाकाला पदर लावून बसायला लागली. जळक्या तेलाचा वास. बाजारात जाऊन येईपर्यंत तिचं डोकं उठायचं.

"अहो, दिवाळीनंतर नवीन पॅकिंग टाकलंय ना? मग वास येतो कुठून?"

"टाकलंय म्हणजे टाकलंय," मी म्हणायचो. वर दोन शब्द जास्तच ऐकवायचो, कारण ते टाकणारा माझा मित्र होता.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे त्याने नाक्यावर गॅरेज काढलं, मी वडिलांची बाग सांभाळली. वीस वर्षांत माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. तो माझ्याकडून मजुरी घेत नाही आणि मी दर हंगामात हापूसची एक पेटी स्वतः त्याच्या घरी नेऊन ठेवतो, असा आमचा शिरस्ता. बायकोच्या भावाने एकदा सुचवलं, की त्याच्यापेक्षा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवा. मी मेहुण्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षं टाकलं.

दिवाळीनंतर टॅपेट कव्हरमधून तेल झिरपायला लागलं, तेव्हा अर्थातच त्याच्याकडेच गेलो. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. तेल बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या कडेने रबराचं पॅकिंग असतं. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर त्याने एक काळं, कडक झालेलं पॅकिंग माझ्या हातात ठेवलं.

"बघ, तुज्या गाडीतनं काढलंय. दगड झालाय नुसता."

मी ते घरी आणलं आणि पडवीतल्या खिळ्याला अडकवलं. कुठलीही वस्तू टाकायची नाही ही माझी जुनी खोड.

शिमग्याला मित्र ग्रामदेवतेच्या पालखीसाठी गावी गेला. घरी देव येणार असताना आमच्याकडे कोणी कामाला हात लावत नाही, त्यामुळे त्याला बोलावता येईना. पण माझ्या पहिल्या पेट्या भरायला आल्या होत्या आणि त्या वासाच्या गाडीत घातल्या तर पेंढ्यालासुद्धा तेलाचा वास लागला असता. बागेतला फवारणीचा पंप मी स्वतः खोलतो, मग हे का नाही? म्हटलं, एखादा बोल्ट ढिला राहिला असेल, आवळून टाकू आणि तो आला की त्याला यथेच्छ चिडवू. झाकण उघडलं की जुनं पॅकिंग परत वापरू नये म्हणतात, म्हणून एक नवीनही आणून ठेवलं.

सकाळी व्हॅन घरापुढच्या खळ्यात लावली. इंजिन थंड झाल्यावर सीट उचलली, हवेच्या फिल्टरचा पाइप काढला, प्लगच्या वायरींना चिठ्ठ्या बांधून त्या बाजूला केल्या. झाकणाच्या कडेने बाहेरून राखाडी सिलिकॉन थापलेलं होतं. गळक्या कौलाला सिमेंट थापतात तसं. बोल्टांवर कंपनीने ओढलेल्या पिवळ्या रंगाच्या रेघा अखंड होत्या. बोल्ट एकदा जरी फिरला तरी ती रेघ तुटते.

तरी मी उघडायचा थांबलो नाही. त्याची बाजू घ्यायला मला अजून काहीतरी सापडेल असं वाटत होतं. कोपऱ्यातला एक बोल्ट गंजून बसला होता. त्यावर डिझेलचे थेंब सोडले, चहा होईपर्यंत थांबलो, मग तो मुकाट्याने निघाला. झाकण लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून सोडवलं. आतलं पॅकिंग वाळलेल्या आंबोशीसारखं कडाकडा मोडत हातात आलं. गाडी बनली त्या दिवसापासूनचं.

खिळ्यावरचं पॅकिंग काढून मी त्या तुकड्यांशेजारी जमिनीवर ठेवलं. ते त्यांच्यापेक्षा चार बोटं जास्त लांब होतं. माझ्या इंजिनावर ते बसलंच नसतं. इतके महिने येता-जाता मी ते बघत होतो आणि एकदाही मापून बघितलं नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग रडू आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं. बायको बाहेर आली, जमिनीवरची दोन पॅकिंगं तिने बघितली आणि ती आत गेली. तिने भावाचा विषय काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

खाच पेट्रोलच्या फडक्याने पुसली, नवीन पॅकिंग बसवलं, झाकण ठेवलं आणि मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून कडेपर्यंत थोडे थोडे आवळत नेले. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. तेलाचा टिपूस नाही. एका सकाळचं काम होतं सगळं.

तो गावाहून आल्यावर मी दोन्ही पॅकिंगं त्याच्या गॅरेजातल्या बाकावर ठेवली. त्याने एकदा बघितलं. नाकारलं नाही.

"एक बोल्ट गंजलेला होता. तुटला असता तर गाडी चार दिस अडकली असती. तुला त्याच सांजंला हवी होती."

"मग तसं सांगायचंस. दुसऱ्या गाडीचं पॅकिंग माझ्या हातात कशाला दिलंस?"

"तुला बरा वाटावा म्हणून."

"घरचा माणूस मानला रे तुला," मी ओरडलो. "मेहुण्याला तोडला तुझ्यापायी. आणि तू केसाने गळा कापलास माझा."

त्याने फडक्याला हात पुसले. "घरचा? दर वर्षी पेटी देतोस ना मला. वरचा थर बघावा तर एकेक फळ निवडलेला. आणि खाली सगळे डागी. मी कधी बोल्लो काय तुला?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. बागायतदाराच्या घरी चांगला आंबा बाजारात जातो. डाग पडलेला, झाडाखाली पडलेला घरचे खातात. गोडीत तो तसूभरही कमी नसतो. "आम्ही घरात डागीच खातो. तू घरचा, म्हणून तुलाही तेच."

"मग तुमच्या घरातल्या टोपलीत वर चांगले लावतोस काय रे?"

डागी आंब्याने गाडीला आग लागत नाही, मी म्हणालो. माझी बायको त्या तापलेल्या इंजिनावर बसत होती, म्हणालो. खरंच होतं ते. त्यानेही मान हलवली. पण त्याने विचारलं होतं ते वेगळंच.

घरी आलो तर बायको पेट्या भरत होती. "त्याची भरायची ना?" तिने विचारलं.

मी पेंढा अंथरला आणि बसून राहिलो. सगळी चांगली फळं भरावीत तर राग आड येत होता. वरपर्यंत उघडी डागी भरावीत तर लाज वाटत होती. शेवटी ती पेटी मी तशीच पडवीत ठेवली, त्या खिळ्याखाली. हंगाम संपला तरी ती रिकामीच आहे.