गोळ्याचे गुण

दिव्यानी भोयरला गोळा फेकता येत नव्हता. बाकी सगळं येत होतं. धावण्यात चामोर्शीकडच्या तिच्या गावातली पोरंही तिच्या मागं राहायची आणि लेखी पेपर तर तिच्या डाव्या हातचा मळ. पण तो चार किलोचा लोखंडी गोळा मानेशी धरला की तिचा हात आखडायचा, आणि गोळा कुणीतरी वरून टाकल्यासारखा पुढ्यातच पडायचा. तीन पोलीस भरत्या तिथंच संपल्या.

तिसऱ्या भरतीनंतर गावी जायला तिला तोंड राहिलं नाही. वडील दादाजी फोनवर म्हणाले, "अजून किती डाव, बाई?" ती गडचिरोलीतच राहिली, चामोर्शी रोडवरच्या खुशाल सरांच्या भरती अकॅडमीत. सर फौजेतून निवृत्त होऊन आलेले. दिव्यानीचा कॉम्प्युटरचा कोर्स झालेला होता म्हणून त्यांनी तिला ऑफिसात बसवलं. राहायला खोली, मेसचं जेवण, आणि सकाळी मैदानावर पोरींबरोबर सराव. त्या बदल्यात तिनं मुलींच्या गुणांचा तक्ता ठेवायचा.

हा तक्ता म्हणजे अकॅडमीचा जीव. दर रविवारी तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लागायचा. धावण्याचे गुण, शंभर मीटरचे, गोळ्याचे, लेखीतल्या गणिताचे, मराठीचे, सामान्य ज्ञानाचे, शेवटी बेरीज आणि नंबर. पहिल्या दहा जणींना सर स्वतः शिकवायचे. खालच्या तिघींना पुढं बोलवायचे, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायचे, आणि आठवडाभर मेसची भांडी त्यांच्याकडं. सकाळी धावतानाही त्या सगळ्यात मागं. या रांगेला सर 'धूळ खाणारी रांग' म्हणायचे.

सुरुवातीला दिव्यानीची या तक्त्यानं दमछाक केली. रकान्यात नुसते आकडे नसायचे. कुणापुढं 'गैरहजर', कुणापुढं 'पाय मुरगळला', कुणापुढं 'गावी गेली'. तिनं दर दोन खान्यांच्या मध्ये अधिकचं चिन्ह घालून बेरीज मांडली होती. एखाद्या खान्यात शब्द आला की बेरजेच्या जागी आकडा जाऊन कसलीशी इंग्रजी अक्षरं आणि उद्गारचिन्ह यायचं. सर सगळ्यांपुढं ओरडले, "हे काय लावलंस? पोरीचे गुण दाखव, शिव्या नको दाखवू!" मग तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघून सम नावाचा फॉर्म्युला शिकून घेतला. अख्खी ओळ त्याच्या हवाली करायची. आकडा दिसला की तो मोजतो, शब्द दिसला की काही न बोलता ओलांडून जातो. तक्ता एकदम गुळगुळीत झाला.

एकदाच घोटाळा झाला. कुणीतरी व्हाट्सॅपवर पाठवलेले गुण तिनं उचलून तक्त्यात डकवले आणि एका मुलीची बेरीज कमी आली. बघते तर आकडा खान्याच्या डाव्या कडेला चिकटलेला. दिसायला आकडाच, पण कॉम्प्युटरनं त्याला शब्द धरलेलं. तिनं शोधलं तेव्हा कळलं की आकड्याच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी हेच होतं. चिन्ह पडद्यावर दिसतसुद्धा नाही. आकडा जागेवर दिसतो, फक्त बेरजेत येत नाही. तिनं ती चूक दुरुस्त केली आणि त्या मुलीची माफीही मागितली.

सुकरी पोटावी त्या पावसाळ्यानंतर आली. धानोऱ्याच्या पलीकडं जंगलात तिचं गाव. बारावी झालेली, बुटकी नाही पण उंचही नाही, खांदे मात्र लाकडं फोडून भरलेले. ऑफिसच्या मागच्या खोलीत दिव्यानीबरोबरच तिची पथारी पडली. सुकरी लाजाळू होती, पण मायाळू. गावाहून तिची आई, तिची याया, मोहफुलाचे लाडू पाठवायची. त्यातला पहिला लाडू ती दिव्यानीपुढं धरायची. "घ्या ना ताई."

पहिल्याच आठवड्यात तिनं गोळा फेकला. मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. गोळा शेवटच्या रेघेपलीकडं जाऊन मातीत रुतला. सरांनी शिटी तोंडातून काढली. दिव्यानी तिच्यामागं रांगेत उभी होती. तिचा गोळा नेहमीसारखाच पडला.

सुकरी तिच्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर, पण मनात काही न ठेवता, म्हणाली, "ताई, तुमचा कोपर खाली पडून राह्यला ना. जरासा वर ठेवा. आन् फेकाच्या आधी पायानं ढकला."

सर मोठ्यानं हसले. "ऐक! तीन भरत्या झाल्या तुझ्या. हे तुले समजलं नाई, आन् या जंगलातल्या पोरीनं एका नजरेत पाह्यलं."

पोरी हसल्या. दिव्यानीही हसली. त्या रात्री सुकरीनं पुढं केलेला लाडू तिनं घेतला आणि सकाळी कुत्र्याला घातला.

भरतीत दोघींच्या जागा वेगळ्या होत्या. सुकरी आदिवासी राखीवमधून, दिव्यानी दुसऱ्या प्रवर्गातून. एकीच्या वर जाण्यानं दुसरीचं काही जाणार नव्हतं, आणि हे दिव्यानीला चांगलं माहीत होतं. तरी शनिवारी दुपारी पोरी जेवायला गेल्यावर ती तक्त्यासमोर बसली, सुकरीच्या गोळ्याच्या खान्यात गेली आणि आकड्याआधी ते चिन्ह टाकलं. आकडा डावीकडं सरकला. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आला. तिनं तो काढून टाकला आणि सगळेच आकडे मधोमध आणले, म्हणजे एकटा वेगळा दिसू नये. मग जाऊन जेवली.

रविवारी सुकरी खालून तिसरी निघाली.

ती पडद्याकडं बघत राहिली. ओठ हलत होते. मग तिनं हात वर केला. "सर, माही बेरीज चुकली वाटते."

"कॉम्प्युटर चुकला?"

"गोळ्याचे गुण त्यात नाई आले, सर. बाकीचे आले."

सरांनी दिव्यानीला बेरजेच्या खान्यावर क्लिक करून दाखवायला सांगितलं. फॉर्म्युला वर उमटला. पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत, गोळ्यासकट. "हे पाय. सगळ्यायले एकच फॉर्म्युला हाय. तुयासाठी अलग नाई लावला." मग पोरींकडं वळून म्हणाले, "कॉम्प्युटरले बेरीज शिकवून राह्यली ही!"

हशा झाला. मागं बसलेल्या दोघींनी तेवढ्यात बोटांवर बेरीज करून पाहिली होती. ती सुकरी म्हणत होती त्याच्याशी जुळत होती, पडद्याशी नाही. पण सुकरी खाली गेली तशा त्या वर सरकल्या होत्या. एकीनं दुसरीकडं पाहिलं आणि दोघींनी टाळ्या वाजवल्या.

आठवडाभर सुकरीनं भांडी घासली. खोलीत आल्यावर ती वहीच्या मागच्या पानावर पुन्हा पुन्हा तीच बेरीज मांडायची. मोबाइल सगळ्यांचे ऑफिसात जमा असायचे, त्यामुळं कॅल्क्युलेटर नव्हता. शेवटी तिनं वही दिव्यानीपुढं धरली. "ताई, तुम्हीच पाहा ना. कुठी चुकून राह्यली मी?"

दिव्यानीनं पाहिलं. बेरीज बरोबर होती. "हातचा धरला काय नीट?" ती म्हणाली.

"धरला."

"मंग पुन्हा कर. घाईत होते असं."

सुकरीनं पुन्हा केली.

पुढच्या आठवड्यात दिव्यानीनं काहीच केलं नाही. बेरीज जुळली, सुकरी चौथी आली आणि आनंदानं तिच्या गळ्यात पडली. त्याच्या पुढच्या आठवड्यात चिन्ह गणिताच्या गुणांआधी गेलं. मग दोन आठवडे काही नाही. मग पुन्हा गोळा. दरवेळी दिव्यानीच ठरवायची. कधी तिला राग आलेला असायचा म्हणून, कधी काहीच कारण नसताना. सुकरीची बेरीज कधी जुळायची, कधी जुळायची नाही, आणि केव्हा काय होईल हे तिला कळायचं नाही. तिनं हात वर करणं सोडलं. खोलीतलं ते हातच्याचं बोलणं मेसपर्यंत पोचलं आणि पोरी तिला 'हातचा' म्हणायला लागल्या. "ए हातचा, भाजी वाढ." ती वाढायची.

मैदानावर मात्र ती दिव्यानीचा कोपर धरून उभी राहायची. "असा, ताई. इथी ठेवा. आता ढकला." हिवाळा सरता सरता दिव्यानीचा गोळा चौथ्या रेघेपर्यंत जायला लागला.

भरती निघाली. मैदानी चाचणीत दोघीही निघाल्या, सुकरी तर जवळजवळ पूर्ण गुणांनी. सरांनी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता राहिला लेखी पेपर.

पेपरच्या दिवशी काय झालं ते सुकरीनं बाहेर आल्यावर स्वतःच दिव्यानीला सांगितलं. दोघी शाळेच्या फाटकापाशी उभ्या होत्या. सुकरी घामानं भिजलेली होती.

"मराठीचे पटपट झाले. मंग गणित घेतलं. उत्तर येऊन राह्यलं होतं ताई, पण भरोसा नाई वाटला. एकेक गणित तीन-तीनदा केलं. दोन-चार ठिकाणी पह्यलं उत्तर बदलून टाकलं. मंग घंटी वाजली. सामान्य ज्ञानाचं अख्खं पान तसंच राह्यलं."

"जाऊ दे," दिव्यानी म्हणाली. "पुढच्या वेळी."

यादी लागली. दिव्यानी भोयर निवडली गेली. सुकरीचं नाव थोडक्यात हुकलं. ज्यांना ती मैदानावर मागं टाकायची अशा तिघी तिच्या प्रवर्गातून लागल्या. तिनं पथारी गुंडाळली, सरांच्या पाया पडली, दिव्यानीला पेढा भरवला आणि धानोऱ्याच्या बसमध्ये बसली. आठवडाभरात अकॅडमीच्या दारावर नवा फलक लागला. त्यावर गुलाल लावलेली दिव्यानी होती.

ती ट्रेनिंगला गेली आणि तिच्या जागी संघप्रिया नावाची बाई ऑफिसात आली. नवरा गेलेला, तिशी ओलांडलेली, कामाला नेटकी. पुढच्या वर्षी नव्या मुलींसाठी नवीन तक्ता करायचा होता म्हणून तिनं जुना उघडला. आकडे मधोमध बघून तिला बरं वाटलं नाही, तिनं सगळे पूर्ववत केले. तेव्हा काही आकडे डावीकडं गेले. ती एकेकावर गेली. सगळे एकाच ओळीत, एकाच मुलीच्या नावापुढं. महिन्यामागून महिने.

तिनं सरांना बोलावून दाखवलं. एका खान्यातलं चिन्ह काढलं. बेरीज वर चढली आणि सुकरी तळातून उठून दुसऱ्या नंबरवर गेली.

सरांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "पोरगी नोकरीवर लागली हाय. दारावर फोटो हाय तिचा. मिटवून टाक हे."

"आन् सुकरी?"

"सुकरीचा आता काय संबंध? मिटवून टाक म्हणलं ना."

संघप्रियानं तक्ता पुसून टाकला. पण जुन्या अर्जावरून सुकरीचा नंबर घेऊन तिला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे माही बेरीज बरोबर होती?" सुकरीनं विचारलं.

"हो. दरवेळी."

"मंग पेपरातले पह्यले उत्तर बी बरोबर असन."

संघप्रियाला वाटलं होतं, पोरीला हलकं वाटेल.

चार दिवसांनी सुकरी गडचिरोलीत आली. दिव्यानी ट्रेनिंग संपवून आता तिथल्याच एका पोलीस कार्यालयात टपाल आणि तक्ते बघायची. दुपारी समोरच्या टपरीवर ती एकटी पोहे खात होती. सुकरी येऊन बाकापाशी उभी राहिली, बसली नाही.

"ताई, तुम्ही केलं?"

दिव्यानीनं चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा क्षणभर उतरला, आणि मग पुन्हा जागेवर आला. "कोनं सांगतलं?"

"काऊन केलं?"

दिव्यानीकडं उत्तर नव्हतं असं नाही. कोपराची गोष्ट तिला आठवत होती, पोरींचं हसणंही. पण इथं, वर्दीत, एवढीशी गोष्ट बोलून दाखवणं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "तक्त्यात म्या केलं. पेपरात कोनं केलं? उत्तर तुझं होतं, हात तुझा होता. तुले भरोसा पाह्यजे होता ना स्वतःवर. म्या येऊन खोडलं काय?"

सुकरी तिच्याकडं बघत राहिली. ती खरोखरच विचार करत होती, आपणच कुठं चुकलो का ते. दिव्यानीला ते दिसलं, आणि आपल्याला पुढं काही बोलायची गरज नाही हेही दिसलं.

"बस, पोहे खा," ती म्हणाली.

"नाई," सुकरी म्हणाली. "तुमच्या हातचं नाई खात." आणि ती बस स्टँडकडं चालायला लागली. पुढच्या भरतीला संघप्रियानं तिला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भावानं उचलला आणि ती लाकडं आणायला जंगलात गेली आहे म्हणून सांगितलं. फॉर्म तिनं भरला नाही.

त्या दुपारी टपरीवर दिव्यानीचे पोहे संपेपर्यंत तिच्या ऑफिसातली नंदिनी चहाला आली. लांब गेलेल्या पोरीकडं बघून तिनं विचारलं, "कोन होती? रडून राह्यली होती वाटते."

"अकॅडमीतली," दिव्यानी हात धुत म्हणाली. "मैदानात लय चांगली होती. गणितात कच्ची."