उसाकडे पाठ

घराची खरी संस्कृती दिवाणखान्यात नव्हे, भांडी घासायच्या जागेवर दिसते, असं मी एकदा कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवरच्या समाजमंदिरात बचत गटाच्या बायकांना सांगितलं. समोर सतरंजी होती, मागे फ्लेक्स होता आणि माझ्या हातात मी स्वतः क्रोशानं विणलेली सुती घासणी होती. फ्लेक्सवर 'पर्यावरण' हा शब्द घासणीच्या फोटोपेक्षा मोठा होता. पाहुण्या बाईंनी घासण्यांच्या टोपलीला बांधलेली फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, "बाई, यानं करपल्यालं दुधाचं पातेलं निघतं का?"

निघतं, असं मी म्हणाले. किती वेळात, हे तिनं विचारलं नाही.

माझं लहानपण नगरला मिशनच्या आवारात गेलं. तिथे जी वस्तू हलत नसे तिच्यावर क्रोशाचा रुमाल पडे. रेडिओवर, माठावर, पुढे टीव्हीवर. टेलिफोन आला तेव्हा आईनं त्यालाही झगा विणला, आणि त्यानंतर घंटी नीट ऐकू येईना. या साऱ्याला हसत मी मोठी झाले. शाळेतून निवृत्त होऊन धाकट्या भावाकडे राहायला आले आणि तीच क्रोशाची सुई पुन्हा हातात घेतली, कारण एकदा जेवताना भावाच्या वांग्याच्या भाजीत तारेच्या घासणीचा तुकडा निघाला. त्यानं तो दातांतून ओढून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिला. मला पुढचा घास गिळवेना.

मग जाड सुती दोरा आणला. सहा टाक्यांनी सुरुवात करायची, प्रत्येक फेरीला सहा वाढवायचे, सगळे मुके खांब. मुका खांब म्हणजे क्रोशातला सगळ्यांत बुटका टाका. वीण दाट येते आणि भांड्याला जरा खरखर लागते. आठ-दहा फेऱ्यांत तळहाताएवढी चकती तयार होते. उकळत्या पाण्यात टाकली की स्वच्छ, उन्हात टाकली की कोरडी. पहिली भावजयीला दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.

"लई भारी झालीया, आक्का. टीव्हीवर ठिवू का?"

"भांडी घास तिनं."

"व्हय, घासते की."

भावाच्या घरात गॅस आहे, फ्रीज आहे, स्वयंपाकाचा ओटा आहे. पण भांडी मागच्या दारी घासायची. तिथे एक शहाबादी फरशी आणि नळ. फरशीपासून बारा पावलांवर ऊस सुरू होतो. बिबट्या येईपर्यंत ही पावलं मोजावीत असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या हंगामात ऊस डोक्याच्या वर गेला आणि बातम्या यायला लागल्या. आधी मोबाईलवर, कोपरगावकडच्या, म्हणजे लांबच्या. मग शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली. मग रस्त्यापलीकडचं कुत्रं गेलं. साखळी आणि पट्टा तेवढा राहिला. वनखात्याचा एक माणूस घरोघर सांगत आला. हडकुळा, शांत, भाषण न करणारा. म्हणून मी त्याचं सगळं ऐकलं.

"उभ्या माणसाला बिबट्या बिचकतो," तो म्हणाला. "वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. उसाकडं पाठ करून बसू नका. खुरपताना, धारा काढताना, भांडी घासताना."

भावजयीनं मान हलवली. मी मागच्या दाराकडे पाहिलं. नळ अशा जागी होता की घासणाऱ्याची पाठ उसाकडेच यायची. ती रोज दोन वेळा तिथे उकिडवी बसत होती, आणि तिच्या हातात माझी घासणी होती.

म्हशीचं दूध आमच्याकडे रोज तळाला लागतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खिडकीत उभी राहून एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि एकदा तिच्या पाठीकडे पाहत राहिले. एका पातेल्याला नऊ मिनिटं. तारेच्या घासणीनं ते दोन मिनिटांत निघालं असतं, असा माझा अंदाज. म्हणजे उरलेली सात मिनिटं माझी होती. माझ्या दाट विणीची, उकळता येणाऱ्या, फीत कापून झालेल्या वस्तूची. बिबट्याला बारा पावलं यायला किती वेळ लागतो हे मी मोबाईलवर शोधलं, आणि शोधायला नको होतं.

तिला एवढंच सांगायचं होतं: जाऊ दे, तार घे. ते मला सांगता आलं नाही. मनात म्हणायचे, उद्या सांगू. ती स्वतःहून घासणी बाजूला टाकणार नव्हती. मी मोठी नणंद, त्यात शिक्षिका. समाजमंदिराच्या भिंतीवर फ्लेक्स अजून होता, त्यावर माझा फोटोही होता. माणूस किती क्षुल्लक गोष्टीपायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावतो यावर मी वर्गात तास घेतलेले आहेत.

सांगण्याऐवजी मी पहारा सुरू केला. फरशी आणि ऊस यांच्यामध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची, तोंड उसाकडे, मांडीवर विणकाम, पायाशी काठी.

"आक्का, तुमी कशाला? तुमचे गुडघे दुखतेत."

"घरात बसूनही दुखतात. तू घास लवकर."

भाऊ गोठ्यातून ओरडला, "आगं, आक्काला बघून शाळंतली पोरं पळायची. बिबट्या काय चीज हाय?"

ती हसली. मीही हसले. खुर्चीत बसलेलं माणूस उभं धरायचं की बसलेलं, हे वनखात्याच्या माणसाला विचारायचं राहून गेलं होतं, ते मला हसता हसता आठवलं.

वारा नसला तरी ऊस वाजतो. वाळलेली पानं आपोआप एकमेकांवर घासतात, मध्येच एखादा उंदीर पळतो, एखादा पक्षी जागा बदलतो. दिवसभरात हा आवाज कुणाला ऐकू येत नाही. दिवेलागणीला प्रत्येक आवाजाला चार पाय फुटतात. भीतीवर मी पुष्कळ वाचलेलं आहे, पण त्यातल्या कोणत्याही लेखकाला एकाच वेळी टाके मोजायचे आणि उसाकडे बघायचं होतं असं दिसत नाही. त्या आठवड्यातल्या माझ्या सगळ्या चकत्या वाटीसारख्या वळल्या, कारण फेरीला सहा टाके वाढवायचं मी विसरत होते.

मग तो दिवस. भाऊ दूध घालायला डेअरीवर गेला होता. अंधार पडला नव्हता, पण उसाच्या बुडाशी तो आधीच जमला होता. भावजय पातेलं घासत होती. खरखर, पाणी, खरखर. आमचं कुत्रं दाराशी पडलेलं होतं. ते उठलं. भुंकेल म्हणून मी वाट पाहिली. ते भुंकलं नाही. पोट जमिनीला लावून घरात गेलं आणि बाजेखाली शिरलं.

उसाचा आवाज थांबला. पूर्ण थांबला. उंदीर नाही, पक्षी नाही.

'ऊठ' एवढा एक शब्द मला म्हणायचा होता. साठ पोरांचा वर्ग गप्प करणारा माझा आवाज कामाला आला नाही. मी काठी घ्यायला वाकू लागले, आणि वाकायचं नसतं हे अर्ध्यावर आठवलं. तशीच राहिले, ना बसलेली ना उभी. सुई हातात, दोऱ्याचा गुंडा खाली पडून उसाच्या दिशेनं गेलेला. तो पहिल्या सरीपाशी थांबला. त्याच्या पलीकडे पानं दोन्ही बाजूंना किंचित फाकलेली दिसत होती. तिथे काही होतं का, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. पाहिलं म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर अंगावर काटा येतो.

मागची खरखर थांबली. भावजय उठली होती. तिनं पातेलं आणि एक झाकणी घेतली आणि एकमेकांवर असं बडवायला सुरुवात केली की माझ्या दातांना ठणका लागला.

"मागं मागं या, आक्का. पाठ नगा करू. या तशाच."

ती बडवत राहिली, मी मागे मागे सरकले, आणि उंबऱ्याला अडखळून घरात पडले. तिनं दार लावून कडी घातली, पातेलं खाली ठेवलं. भावाला फोन लावायचा तर तिला नंबर दाबता येईना. मी दाबला. एकटा निघू नको, चार माणसं घेऊन ये, गाडीचा हॉर्न वाजवत ये. तो येईपर्यंत आम्ही दोघी बाजेवर पाय वर घेऊन बसलो. बाजेखाली कुत्रं थरथरत होतं, त्यामुळे बाजही.

सकाळी वनखात्याचा माणूस आला. फरशीच्या बाजूच्या ओल्या मातीत ठसे होते. त्यानं टेप लावून मापं घेतली.

"मादी वाटते," तो म्हणाला. "फरशीपर्यंत आलती. तुमी आत गेल्यावर आली का आधीपासून जवळ व्हती, ते मातीवरनं न्हाई कळत."

तो पिंजऱ्याची जागा बघायला गेला. मी भावजयीसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. नऊ मिनिटं, त्यातली सात माझी, घड्याळ, फ्लेक्स, सगळं. म्हणाले, "चुकलं माझं. तुझा जीव गेला असता. आजपासून तारच वापर."

"आक्का, मी तारच वापरतेय की. पयल्या दिवसापास्नं."

"मग माझी घासणी?"

"ती वर धरते, तुमी बगताय म्हनून. खाली मुठीत तार असती." मग मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "कपबश्यांना चांगली हाय तुमची."

म्हणजे नऊ मिनिटं तारेची होती. माझ्या घासणीला किती लागली असती याचा हिशेब मी केला नाही.

भाऊ त्याच दुपारी गवंड्याला घेऊन आला. त्यानं ओट्याचा कोपरा फोडला, स्टीलचं सिंक बसवलं, पाइप बाहेर काढला. आता भांडी उभ्यानं, घरात घासली जातात, आणि मागचं दार दिवस मावळायच्या आत बंद होतं. ऊस अजून तुटलेला नाही. तुटल्यावर ती मादी कुठे जाईल हे कोणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. सिंकसमोरच्या खिडकीतून ऊस दिसतो, म्हणून भावजय पडदा ओढून घेते. मग पडद्यामागे काय आहे ते दिसत नाही म्हणून पुन्हा बाजूला करते.

सिंकच्या कडेला माझी घासणी आहे. तिच्यावर साबणाची वडी ठेवतात. वडी भिजत नाही.