सावधानच्या आधीची धून

हिरामण उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटर होता आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा. कापड कापताना त्याला कुणी थांबवत नसे. वाजवताना मात्र कुणी पुढे जाऊ देत नसे. वरात जरा रंगात आली की घोड्याशेजारचा एखादा काका हात वर करून सांगायचा, "बस, अब दूसरा लगाओ." दुसरं अर्ध्यावर येईतो मांडव आलेला असायचा. मग नवरदेव घोड्यावरून उतरणार आणि हिरामण उभ्याउभ्या सरबत पिणार. इतक्या वर्षांत त्याने एकही गाणं शेवटापर्यंत वाजवलं नव्हतं.

त्यातून त्याने स्वतः एक धून रचली होती. जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या ताग्यांवर बसून तुकड्यातुकड्याने जमवलेली. ती खालच्या सुरात, अगदी रेंगाळत सुरू व्हायची आणि तिची खरी गंमत शेवटी होती. हे मला ठाऊक कसं, तर त्यानेच सांगितलं होतं. पुरी ऐकली कुणीच नव्हती. सुरुवात बऱ्याच जणांनी ऐकली होती आणि सगळ्यांनी "झालं का?" असं विचारलं होतं. माणसं जागची न हलता ही धून एकदा पुरी ऐकतील एवढीच त्याची इच्छा होती.

आमच्या अंबरनाथच्या वाचनालयाचा सेक्रेटरी हेमचंद्र. अठ्ठ्याऐंशी साली तो मुंबईत कुठलासा कार्यक्रम ऐकून आला. लहानसा हॉल, मोजके वादक, मधूनमधून कुणीतरी काहीतरी वाचतं आणि श्रोते खोकतसुद्धा नाहीत. आल्यापासून त्याला आमच्या खोकण्याचा त्रास होऊ लागला. आपणही असं वाचन-वादन करायचं, असं त्याने कमिटीत जाहीर केलं. कमिटीत मी होतो. माझ्याकडे खुर्च्या लावण्याचं खातं होतं, म्हणून मला कुणी मत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

वादक कुठले आणायचे? हिरामण वाचनालयातून रहस्यकथा न्यायचा, तोच सापडला. त्याने बँडमधले दोघे आणले, ढोलवाला बारकू आणि ट्रम्पेटवाला पदू. वाचायला बदलापूरच्या सुनंदाबाई. त्या शाळेत शिकवायच्या, आणि पंचक्रोशीतल्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणायला त्यांनाच बोलावणं असायचं. आवाज खणखणीत. फक्त एक होतं, बाई काहीही वाचू देत, ते मंगलाष्टकाच्या चालीतच यायचं. शाळेची सूचनासुद्धा. हेमचंद्राला हे ठाऊक नव्हतं, कारण तो कधी लग्नाला जायचा नाही, फक्त जेवायला जायचा.

स्वस्तात हॉल मिळाला तो मंगल कार्यालयाचा, कारण पितृपक्ष होता. लग्नं बंद, बँड रिकामा, हॉल रिकामा. निमंत्रणपत्रिका कॅम्प दोनमधल्या छापखान्यात छापल्या. तिथल्या माणसाने मजकूर आमचाच घेतला, पण वर गणपती आणि खाली जोडलेले हात असलेली नेहमीची लग्नपत्रिकेची चौकट लावली. हेमचंद्र म्हणाला, शोभा आली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी खुर्च्या ओळीत लावल्या. स्टेजवर कार्यालयाच्या लाल मखमलीच्या दोनच खुर्च्या होत्या, त्या जमिनीला ठोकलेल्या. तिथे हिरामण आणि सुनंदाबाई बसले. बारकू आणि पदू मागे उभे राहिले. आणि मग माणसं येऊ लागली, नटूनथटून, हातात रंगीत कागदात गुंडाळलेले डबे आणि पातेली घेऊन. दारात गयाबाई उभी. कार्यालयाची झाडलोट तिच्याकडे आणि अक्षतांचं ताट फिरवणंही तिच्याकडेच. तिने येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मूठभर अक्षता ठेवल्या. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "हॉलात मानूस आला का अक्षता देयाच्या. लगीन काय नि वाचन काय, मना नको सांगू." आणि माझ्याही हातावर मूठभर ठेवल्या.

सुनंदाबाईंनी स्वतःच लिहिलेला लेख आणला होता. बारवी धरणाच्या पाण्यात गेलेल्या त्यांच्या आजोळाबद्दल. लेखाचे तीन भाग आणि हिरामणच्या धुनेचेही तीन भाग, एकाआड एक, अशी हेमचंद्राची योजना. बाईंनी पहिला शब्द उच्चारला आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. मी लावलेल्या खुर्च्यांवर एकही माणूस उरला नाही. बाई आजोळच्या विहिरीपाशी आल्या, चिंचेपाशी आल्या, आणि परिच्छेदाच्या शेवटी त्यांचा आवाज चढला, अगदी सावधानच्या आधी चढतो तसा. त्या सावधान म्हणाल्या नाहीत. पण बारकूचा हात त्याच्या ताब्यात राहिला नाही. ढोल वाजला, पदूने ट्रम्पेट फुंकला, अक्षता उडाल्या, टाळ्या पडल्या आणि निम्मा हॉल जेवणाच्या दिशेने निघाला. हिरामणने धून सुरू केली होती म्हणे. मी स्टेजशेजारी असून मला ती ऐकू आली नाही.

जेवणाच्या जागी मध्यंतरासाठीचे बटाटेवडे होते. ते संपले. हेमचंद्र लालबुंद झाला. त्याने बारकूच्या काठ्या आणि पदूचा ट्रम्पेट काढून घेतला, लोकांना आत हाकललं. गयाबाईने आत येणाऱ्यांच्या मुठी पुन्हा भरल्या, कारण तिच्या मते अजून मंगलाष्टकं बाकी होती.

दुसऱ्या भागात आजोळात पाणी शिरलं. बाईंचा आवाज चढला, ढोल वाजला नाही, तरी अक्षता पडल्याच. शिवाय बँडवाले झोपले काय, अशी विचारणा झाली. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण लोक रांगेने स्टेजवर चढले आणि आहेर देऊ लागले. बाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा, हिरामणच्या मांडीवर कुकर. हिरामण क्लॅरिओनेट ओठांना लावायचा, तेवढ्यात कुणीतरी त्याचा हात हातात घ्यायचं. हेमचंद्र रांगेला आडवा गेला आणि हे लग्न नाही असं सांगू लागला. रांगेतले शंकरराव वयाने वडीलधारे. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "अहो, पितृपक्षात लग्न नसतं हे आम्हाला कळतं," ते हळूच म्हणाले. "काहीतरी अडचण असेल म्हणूनच करताय ना? आम्ही कुठे बोलणार नाही."

मला हसू आवरेना. मग माझं लक्ष हिरामणकडे गेलं आणि हसू गेलं. मांडीवर कुकर घेऊन तो बसला होता आणि क्लॅरिओनेटचे भाग सुटे करत होता. पेटीत ठेवायला. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एकदा त्याला स्टेजवर बसवलं आणि तिथेही वरातच काढली आम्ही त्याची.

सुनंदाबाईंनीही ते पाहिलं असावं. त्यांनी त्याच्या मांडीवरचा कुकर उचलून खाली ठेवला, त्याला काहीतरी सांगितलं आणि उभ्या राहिल्या. तोवर गयाबाई तिसऱ्यांदा ताट फिरवून आली होती. बाई वाचू लागल्या. गावावर पाणी चढलं, देऊळ गेलं, चिंचेचा शेंडा तेवढा वर राहिला. आवाज चढत गेला. सगळ्या हॉलचे हात वर आले, माझाही आला. आणि बाई थांबल्या.

"शेवटचं एक वाक्य राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते हिरामणचं वाजवून झाल्यावर."

हॉलमध्ये कुजबुज झाली. घटका भरायची असेल, असं कुणीतरी कुणाला तरी समजावलं. ते सगळ्यांना पटलं. मुहूर्ताची घटका भरेपर्यंत मुठीत अक्षता धरून गप्प उभं राहायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. कुणी हललं नाही, कुणी बसलंही नाही. हिरामणने क्लॅरिओनेट पुन्हा जोडलं.

धून खालच्या सुरात, रेंगाळत सुरू झाली. मी मनात "झालं का?" म्हटलं, खोटं कशाला बोलू. पण जाता येत नव्हतं, मूठ उघडता येत नव्हती, तेव्हा ऐकत राहिलो. मधल्या भागात ती जरा वळली. शंकररावांनी डोळे मिटले. आणि मग शेवट आला. तो कसा होता हे मला सांगता येत नाही, कारण मला सुरांतलं काही कळत नाही. एवढं खरं की आधीचं सगळं रेंगाळणं कशासाठी होतं ते तिथे कळलं.

धून संपली. टाळी वाजली नाही. वाजणार कशी, सगळ्यांच्या मुठी अक्षतांनी भरलेल्या. हिरामणच्या ते लक्षात आलं नाही. तो समोर बघत राहिला, त्याचा चेहरा उतरला आणि माइकजवळ वाकून तो एवढंच म्हणाला, "संपली. पुरी संपली."

शंकररावांनी बाईंना विचारलं, आता शेवटचं वाक्य? सुनंदाबाईंनी कागदाची घडी घातली.

"माझं वाचून झालं."

"आणि या अक्षता?"

"ज्याच्यावर टाकाव्याशा वाटतील, त्याच्यावर टाका."

लोकांना काय करावं समजेना. स्टेजवर पुन्हा गर्दी नको म्हणून हेमचंद्राने हिरामणला दाराशी निरोप द्यायला उभं केलं. पहिली पुढे झाली गयाबाई. तिने आपली मूठ हिरामणच्या डोक्यावर नेली आणि हळूच उघडली. तिच्यामागून शंकरराव. मग एकेक करून सगळे. कुणी घाई केली नाही, जेवणाचं कुणी विचारलं नाही. बारकू रडत होता आणि पदू त्याला गप्प करता करता रडत होता. हिरामण क्लॅरिओनेट छातीशी धरून मान खाली घालून उभा होता, केसांत, कॉलरमध्ये, सगळीकडे तांदूळ.

शेवटी माझी पाळी आली. माझी मूठ घामाने ओली झाली होती, तांदूळ तळव्याला चिकटले होते. ते मी एकेक सोडवून त्याच्या डोक्यावर टाकले, आणि तो तेवढा वेळ तसाच वाकून उभा राहिला.