कुलपातली काडी

आमचे हे किल्लीवाले. दुकान म्हणजे पत्र्याची एवढीशी खोली. आत दोघं बसले की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, पुढे पकड आणि कानस, आणि दाराला सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेलं पितळी कुलूप. त्याच्या किल्ल्या दोनच. एक ह्यांच्याकडे, दुसरी धाकट्याकडे.

धाकटा म्हणजे माझा दीर, पण खरं सांगायचं तर माझं पहिलं लेकरू. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू हयात नव्हती, आणि हा शेंबडा पोर माझ्याच पदराला नाक पुसायचा. दादा घास घेईल तेव्हा घास घ्यायचा, दादा निजेल तेव्हा निजायचा.

मग हे आजारी पडले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, तो ह्यांना रोज बायबल वाचून दाखवायचा. हे बरे होऊन घरी आले ते येशूचे होऊनच. पुढे मीही प्रार्थनेला जायला लागले. विश्वास माझाही आहे, खोटं कशाला बोलू. फक्त माझ्या जिभेचा बाप्तिस्मा अजून व्हायचाय.

धाकट्याने घर डोक्यावर घेतलं. "बापाचं नाव बुडवलंस, दादा. आजपासून तू मला मेलास!" असं म्हणून आपली हत्यारं उचलली, आणि रस्त्यापलीकडे चहावाल्याच्या आडोशाला वेगळं टेबल मांडून बसला. दिवसभर समोरासमोर, आणि नजरेला नजर नाही.

तेव्हापासून हे जेवायला बसले की ताटापुढे डोळे मिटून आभार मानायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "आणि धाकटा जिथे असेल तिथे त्याला सांभाळ." मी म्हणायची, "जिथे असेल तिथे काय? समोर बसलाय टोणगा!" हे हसायचे. पण घास लवकर गिळवत नसे त्यांना, ते मला दिसायचं.

गल्लीने तर ताळच सोडला. चहावाल्याकडे आम्ही गेलो की नेमके ग्लास धुतलेले नसायचे. दुकानाच्या दारावर कोणीतरी कोळशाने 'बाटगा' लिहून गेलं. ह्यांनी ओल्या फडक्याने पुसलं आणि कामाला बसले. मग एका सकाळी किल्ली कुलपात जाईना. आत गोंद! ह्यांनी सुई तापवून तो बाहेर काढला. चार दिवस गेले की पुन्हा गोंद. मला खात्री, हा चहावालाच. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो बिचारा किटली हातात धरून नुसता बघत राहिला.

"अहो, कुलूप तरी बदला!" मी ह्यांच्यावर ओरडले. "रोज मेलं ते उकरत बसायचं?"

ह्यांनी मला आत बोलावलं आणि तळहातावर गोंदाचा गोळा ठेवला. त्यात काडेपेटीची मोडकी काडी होती.

"आधी काडी सरकवलीय, मग गोंद," हे म्हणाले. "काडी ओढली की सगळं एकदम बाहेर येतं. आतल्या पट्ट्यांना काही होत नाही. हे आमच्या बापाने दोघांनाच शिकवलं होतं."

"धाकटा?"

"रागावलाय. पण बापाचं कुलूप मोडवेना त्याला." मग हळूच म्हणाले, "कुलूप बदललं, तर त्याच्याकडची किल्ली कशाला लागेल गं?"

मी तिथेच खाली बसले आणि रडले. ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याने हे करावं? राग येत होता आणि त्याची मायाही येत होती. ह्यांनी मला पाणी दिलं, आणि कोणाला काही सांगायचं नाही असं वचन घेतलं. माझ्याकडून! म्हणजे बघा, किती मोठं काम.

पण खरा घाव पुढेच होता. हा बाटगा घराघराच्या किल्ल्या करताना एक जास्तीची करून ठेवतो, अशी आवई उठली. शिव्या पचतात हो, पण किल्लीवाल्याच्या इमानावर बोट ठेवलं की त्याचं दुकान संपलं. एका सकाळी सात-आठ जण दारात आले. पुढे चहावाला. "सगळ्या किल्ल्या बाहेर काढ," म्हणाला. मी पदर खोचला.

तेवढ्यात मागून धाकटा गर्दीत घुसला.

"ए! माझ्या बापाने आणि माझ्या भावाने एकाही माणसाची जास्तीची किल्ली ठेवलेली नाही. त्याच्या देवाचं काय ते मी त्याच्याशी भांडेन. त्याच्या इमानाबद्दल कोणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे!"

माणसं पांगली. धाकटाही गेला. दादाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कुलपात किल्ली घातली, तर ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. बाहेर काढली तर काळी. बोटांवर चकचकीत पूड. पेन्सिलीचं शिसं. सासरे सांगायचे, कुलपात तेल घालू नये, तेलाला धूळ चिकटते. शिसं घासून घालावं. हे बोटांकडे बघत उभेच राहिले.

मला कुठला धीर? तरातरा रस्ता ओलांडला. धाकटा मान खाली घालून कानस चालवत होता. बोटं काळीकुट्ट.

"हात धू," मी म्हटलं. "दुपारी जेवायला ये."

"वहिनी, दादा..."

"दादा जेवणाआधी प्रार्थना करणार. तेवढा वेळ गप्प बसायचं, मग जेवायचं."

"मी डोळे मिटणार नाही हं."

"नको मिटूस. कोण बघतंय?"

दुपारी तो आला. आपल्या जुन्या जागी बसला, हातही घासून धुतले होते. ह्यांनी डोळे मिटले. मी मिटल्यासारखे केले. धाकटा आपला ठरल्याप्रमाणे दादाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. ह्यांनी अन्नाबद्दल आभार मानले, माझ्यासाठी मागितलं, आणि मग जीभ सवयीने पुढे गेली, "आणि धाकटा जिथे असेल तिथे त्याला..."

"इथंच आहे, दादा," धाकटा म्हणाला.