पाकीट अकराचं, तारा आठच्या

"गाडी काढ शिल्पा. हात गेला माझा."

सभागृहामागच्या खोलीत मी शिरलो तेव्हा बिसेन काका हे म्हणत होते. गिटार मांडीवर आडवी होती आणि डावा हात समोर धरलेला. त्या हाताकडे ते असे बघत होते, जणू दुसऱ्या कोणाचा हात चुकून त्यांच्याकडे आला असावा. त्यांची मुलगी शिल्पा पर्समध्ये गाडीची चावी शोधत होती. दुपारचे चार वाजले होते. काकांच्या रॉक बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून सहा वाजता गोंदियातच कार्यक्रम ठेवला होता. तिकिटं संपली होती.

"का झालं काका?"

"बेंड होऊन नाई राहिला बे. सकाळी होऊन राहिला होता, आता नाई. लकवा आहे हा. माझ्या बापाले असाच हातापासून सुरू झाला होता."

बेंड म्हणजे वाजवता वाजवता तार बोटानं वर ढकलायची. तार ताणली की सूर चढतो. रॉकमध्ये गिटार रडते, किंचाळते, ती याच्या जोरावर. ज्या गिटारवाल्याचा बेंड गेला त्यानं हार्मोनियम शिकावी, असं काका स्वतःच म्हणायचे.

मी त्यांचा हात पाहिला नाही. गिटार पाहिली. आणि काय झालं ते कळलं.

लकवा वगैरे काही नव्हतं. त्या गिटारवर सहा वर्षांत पहिल्यांदा खऱ्या अकराच्या तारा लागल्या होत्या. हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. आणि सांगायचं म्हणजे आधीचं सगळंच सांगावं लागणार होतं.

माझं गोंदियात वाद्यं दुरुस्त करायचं लहानसं दुकान आहे. हार्मोनियम, कीबोर्ड, गिटार. गिटारच्या तारांना जाडीप्रमाणे नंबर असतात. आठ म्हणजे बारीक, अकरा म्हणजे जाड. जाड तारेचा आवाज भरदार, पण बोटांचा जीव काढते. बारीक तार लगेच ऐकते, पण आवाज पातळ. बिसेन काकांनी रेल्वेत इंजिन चालवता चालवता जन्मभर अकराच वाजवली. नऊ लावणाऱ्या नव्या गिटारवाल्यांना ते भर कार्यक्रमात विचारायचे, "तारा होत का शेवया?"

सहा वर्षांपूर्वी ते दुकानात आले. "गजू, गिटार जड होऊन राहिली. काही करून दे." गिटार जड झाली नव्हती. त्यांची बोटं सांध्यांवर सुजली होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं, काका, वय झालं, दहा लावू. पण मी मुळात कमी बोलणारा माणूस. नको ते बोलण्यापेक्षा पाना फिरवणं मला सोपं जातं. मी दहाच्या तारा लावल्या आणि काउंटरवर अकराचं पाकीट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काका पेढे घेऊन आले. "का सेटिंग केली बे! वीस वर्षांनी लहान झालो ना!"

पेढा तोंडात असताना खरं कोण बोलतं? पुढं दहाच्या नऊ झाल्या, नऊच्या आठ. एकदम उतरलो असतो तर त्यांनी पकडलं असतं. मी दोन-दोन वर्षांनी एकेक पायरी उतरलो. आवाज पातळ झाला तर पिकअप, म्हणजे तारेचा आवाज उचलणारं चुंबक, थोडं वर घ्यायचो. बारीक तार त्यांच्या जड बोटाखाली बेसूर व्हायची तेव्हा मी हवेला दोष द्यायचो. काका गावभर माझा हातगुण सांगत फिरले. बालाघाट, राजनांदगावहून गिऱ्हाइकं आली. दुकानाला नवा बोर्ड लागला. ते सगळं आठ नंबरच्या तारेवर उभं होतं, आणि काका दुकानात आले की माझी मान आपोआप खाली जायची.

त्या दिवशी दुपारी साउंडचेकमध्ये त्यांची पहिली तार तुटली. मी जवळच्या गोरेगावला एका भजनी मंडळाची हार्मोनियम उघडून बसलो होतो. फोन वाजला तो ऐकलाच नाही. शिल्पाताईंनी वडिलांना भेट म्हणून नागपूरहून अकराचा सेट आणला होता. त्यांनी अख्खा सेटच बदलून दिला. गिटार मी आठच्या ताणाला बसवलेली. अकराच्या ओढीनं तिची मान धनुष्यासारखी वाकली आणि तारा इतक्या वर उचलल्या की खालून आगपेटीची काडी सरकली असती. पंचविशीतल्या पहिलवानालाही तिथं बेंड जमला नसता.

"मिळाली चावी," शिल्पाताई म्हणाल्या. "चला बाबा."

"ताई, दवाखान्यात नका नेऊ," मी म्हणालो. "लकवा नाई तो. तारा जड आहेत."

"अकराच आहेत बे," काका म्हणाले. "तू नाई का अकरा लावत?"

"नाई लावत."

खोलीच्या कोपऱ्यात ड्रमर उकेभाऊ खुर्चीच्या पाठीवर काड्या वाजवत होते. त्या थांबल्या.

"सहा वर्षं झाली काका. पहिले दहा लावल्या. मग नऊ. दोन वर्षांपासून आठ आहेत."

"आठ?"

"आठ."

"शेवया?"

"हव, काका."

"अन पाकीट?"

"पाकीट अकराचं. एकच आहे. तेच दाखवत होतो."

काका उठले. आता बसते कानाखाली, असं वाटून मी डोळे मिटले. काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर ते डाव्या हाताची मूठ मिटत होते, उघडत होते.

"म्हणजे हात आहे?"

"आहे."

"लकवा नाई?"

"नाई."

"हरामखोर!" ते एवढ्यानं ओरडले की बाहेर माइक जोडणारा माणूस आत डोकावून गेला. मग एकदम खाली बसले आणि तोंडावर हात घेतला. "अन मी लोकाईले शेवया म्हणत होतो बे! सांगाचं होतं ना मले. मी का मरून जातो?"

त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडतायत असं समजून मी पुढं झालो, तर काका हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गाळत.

तेवढ्यात उकेभाऊ खाकरले.

"आता निघालंच आहे तर सांगून टाकतो. माझा डावा पेडल तीन वर्षांपासून जोडलेलाच नाई."

मोठ्या ढोलाला दोन पायांनी वाजवायचे दोन पेडल असतात. उकेभाऊंचं नाव त्या दुहेरी धडधडीसाठीच होतं.

"गुडघा गेला ना. पाय नुसता हालवतो. पाहाले बरं वाटते."

आता सगळ्यांनी गायक तिवारीजींकडे पाहिलं. ते आरशासमोर केसांना रंग नीट बसला का बघत होते.

"हमको क्या देख रहे हो?" ते म्हणाले. सगळे बघतच राहिले. "अच्छा बाबा! वो ऊपर वाला सुर पब्लिक से गवाता हूँ. माइक उधर कर देता हूँ. पब्लिक को लगता है, प्यार है."

शिल्पाताई चावीसकट जमिनीवर बसल्या आणि हसता हसता त्यांना उचकी लागली. चाळीस वर्षांच्या त्या बँडमध्ये त्या घडीला खरं वाजणारं एकच होतं, अॅम्प्लिफायर.

साडेचार वाजले. मी हत्यारांची पेटी उघडली. "काका, आठचा सेट आहे. वीस मिनिटांत लावतो."

"नाई. लोकाईले अकरा सांगितल्या, अकराच वाजवीन."

"तासभर नाई टिकणार बोटं."

"मंग सूर खाली उतरव."

हे मला सुचायला हवं होतं. तारा दोन सूर ढिल्या केल्या की ताण कमी होतो. फक्त अख्खं गाणं खालून गावं लागतं. मी भीत भीत तिवारीजींना विचारलं.

"दो क्या, तीन उतारो! दो साल से बोलने की हिम्मत नहीं हो रही थी!"

मी मानेतली लोखंडी सळई पिळून मान सरळ केली आणि पाठीमागच्या, तारांची ओढ पेलणाऱ्या स्प्रिंगा आवळल्या. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रत्येक पिळाला विचारायचे, "आता का केलं?" मी सांगायचो. सहा वर्षांत मिळून मी त्यांच्याशी इतकं बोललो नव्हतो.

सहाला पडदा उघडला. त्यांच्या पेटंट गाण्यातला सोलो आला, म्हणजे गिटारनं एकटीनं बोलायची जागा. तिथं काका दरवर्षी सुरांच्या लाह्या फोडायचे आणि मी विंगेत पडदा पकडून उभा राहायचो, आता बोट घसरेल, मग घसरेल. त्या दिवशी त्यांनी तीनच सूर वाजवले. चौथ्याची जागा रिकामी सोडली. उकेभाऊंनी एकाच पायानं ती जागा सांभाळली. मग काकांनी एक तार दाबली आणि सावकाश वर ढकलायला लागले. सालेकशाच्या चढावर भरलेली मालगाडी चढते, तशी. ती चढते की नाही म्हणून अख्खं सभागृह पुढं झुकलं. हात थरथरत होता, आणि तो थरथराट सुरात उतरला होता. सूर पोचला. अगदी टोकाला नाही, केसभर खाली. तिथंच त्यांनी तो धरून ठेवला. माझ्या शेजारचा लाइटवाला "आई गं" म्हणाला आणि एक दिवा लावायचाच विसरला.

तिवारीजींनी माइक स्वतःकडेच ठेवला. पब्लिक तरीही गायली.

गाणं संपल्यावर काका माइकवर गेले. "आज खऱ्या अकरा आहेत. सहा वर्षं शेवयाच होत्या. गजू मिस्त्रीची कृपा. तो पाहा, पडद्यामागं लपून राहिला." हजारभर माणसं हसली. मी खरंच लपत होतो. शिल्पाताईंनी ढकलून मला पुढं काढलं.

वाटलं, दुकान बसलं. त्या आठवड्यात काही गिऱ्हाइकांनी पाकिटं स्वतःच्या हातानं फोडली, हे खरं. पण बालाघाटचा एक जुना गिटारवाला काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "भैया, मुझे भी वही वाला पैकेट." मी नाही म्हणालो. चक्क तोंडानं.

इतक्या वर्षांच्या धंद्यात शिकलो ते एवढंच: गिऱ्हाइकाचा हात पाहून तार लावावी, आणि कोणती लावली ते त्या हाताला सांगावं.

चार दिवसांनी काका आले. तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"अकरा नाई जमत बे आता. दहा लाव."

मी नवं पाकीट समोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, लांब धरलं, जवळ धरलं, पुन्हा लांब धरलं. मग खिसे चाचपले.

"चष्मा घरीच राहिला," ते म्हणाले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "तूच वाच."

"दहा," मी म्हणालो.

"लाव मंग," काका म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.